शर्टावरची नावं

आकाशवाणीवरून बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे कवितेवर बोलायचं असेल. पण कार्यक्रम घरगुती गोष्टींचा होता. "ऐकणाऱ्यांना घरात उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा," असा निरोप. कवीचा घरात उपयोग काय, हा प्रश्न आमच्याकडे लग्न झाल्यापासून विचारला जातोय. त्यामुळे विषय पत्नीनंच सुचवला. म्हणाली, "कपड्यावरचा मार्करचा डाग कसा काढायचा, ते सांगा. तेवढं एक घरकाम तुम्ही मन लावून केलंत."

ते मी मन लावून का केलं, हे आधी सांगायला हवं.

मी सोलापुरातल्या एका हायस्कूलमध्ये लिपिक आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या सुरुवातीला दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होता. फलक लिहायचाय म्हणून दोन मुलं माझ्याकडे मार्कर मागायला आली. फायलींवर आणि गठ्ठ्यांवर नावं घालायला आमच्या कपाटात परमनंट मार्करचा डबा असतो. मी टपालाच्या गडबडीत होतो. "न्या, पण परत आणून द्या," एवढंच म्हणालो. पोरांनी अगदी मोजून परत आणून दिले. मात्र मधल्या दोन तासांत त्या मार्करांनी निम्म्या वर्गाच्या पाठी लिहून झाल्या होत्या. शेवटच्या दिवशी एकमेकांच्या पांढऱ्या शर्टावर नावं, सह्या, शुभेच्छा लिहायच्या ही पद्धत आता बऱ्याच शाळांमध्ये आली आहे. आमच्या वेळी यासाठी वही असायची. असो.

दुसऱ्या दिवशी एक बाई कार्यालयात आल्या. घरी विड्या वळून संसार चालवणाऱ्या. पिशवीतून शर्ट काढून त्यांनी माझ्या टेबलावर पसरला.

"भाऊसाहेब, हे बघा काय केलंय. पोराला दोनच शर्ट. त्यातला हा चांगला. परीक्षेला हाच घालून जायचा, आणि जूनपासून धाकट्याला हाच द्यायचा होता."

रात्री त्यांनी तो गरम पाण्यात सोडा टाकून भिजवला होता, ब्रशनं घासला होता. काळी अक्षरं राखाडी झाली होती, गेली मात्र नव्हती. घासून घासून कापडाला लव सुटली होती. मी विचारलं, "अक्का, इस्त्री केली का याला?"

"घरात इस्त्री कुठली?"

"मग ठेवून जा. बघतो."

मार्कर कुणाच्या कपाटातून गेले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही तेव्हा सांगितलं नाही. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती.

"बघतो" म्हणण्याचं धाडस मला अब्बांमुळे झालं. माझे वडील सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला होते. चादरींचं आणि टॉवेलांचं सूत. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. रंगाबद्दल ते फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना पक्की शिकवली होती. धाग्याच्या आत शिरला तो पक्का रंग, धाग्यावर बसला तो कच्चा. सूत पक्कं रंगवायचं तर रंग आधी पाण्यात पुरता विरघळवावा लागतो, त्यासाठी रसायनं लागतात, ठरावीक ऊब लागते, तासन् तास सूत फिरवावं लागतं. तेव्हा कुठे रंग आत मुरतो. या हिशेबानं पाहिलं तर मार्करवर 'परमनंट' असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं, तरी तो कच्चाच रंग. एका सेकंदात, थंड कापडावर, वरच्यावर बसलेला. मग तो पाण्यानं का जात नाही?

याचं उत्तर मार्करच्या पोटात आहे. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक रंग. दुसरी, तो रंग पातळ ठेवणारा द्रव. पूर्वी यासाठी झायलीनसारखी उग्र वासाची रसायनं वापरत, आता बहुतेक मार्करांमध्ये अल्कोहोलच्या जातीचे द्रव असतात. टोपण उघडल्यावर येणारा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास त्यांचाच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे राळ. लाकडाला लावायच्या व्हार्निशमध्ये असते त्या प्रकारची. आपण लिहितो, अल्कोहोल क्षणात उडून जातं आणि मागे राळेचा बारीक थर राहतो. त्या थरात रंग अडकलेला. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी तिच्यावरून निघून जातं. साबण तिला थोडा हलवतो, पण सोडवू शकत नाही. म्हणजे आपली लढाई रंगाशी नसून त्याला धरून बसलेल्या चिकट्याशी आहे. आणि राळ ज्या द्रवात मुळात विरघळवली होती, त्याच जातीच्या द्रवात ती पुन्हा विरघळते. अल्कोहोलनं आणलेला डाग अल्कोहोलच नेतं.

हे अल्कोहोल शोधायला लांब जावं लागत नाही. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं, इंजेक्शन देण्याआधी दंडाला लावतात ते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळालं तर तेही उत्तम. २०२० च्या टाळेबंदीपासून घराघरांत सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, त्यांतल्या अर्ध्या अजून कपाटात पडून असतील. तेही चालतं, कारण त्यात बहुतांश अल्कोहोलच असतं. घट्ट जेलसारखं असेल तर एक फायदा असा की ते डागावर बसून राहतं, पसरत नाही. फक्त रंगीत सॅनिटायझर घेऊ नका, नाहीतर काळा डाग काढून हिरवा लावून घ्याल. केसांचा स्प्रे मारा असं पूर्वी सांगत, तेही त्यात अल्कोहोल भरपूर असायचं म्हणून. आता बऱ्याच स्प्रेंमध्ये ते कमी असतं आणि चिकटपणा जास्त, म्हणून त्या वाटेला न गेलेलं बरं. दूध, मीठ, लिंबू, टूथपेस्ट हे उपाय शेजारणी फार प्रेमानं सांगतात. लिंबू गंजाच्या डागावर गुणी आहे, पण राळेपुढे त्याचं काही चालत नाही. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते. टेबलावरचा मार्कर तिनं खरवडून निघेल, कापडावर मात्र धागा झिजतो.

आता पद्धत. त्या संध्याकाळी मी शंभर मिलीलीटरची स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन बसलो आणि पहिलीच चूक केली. डागावर स्पिरिट ओतलं. 'बेस्ट ऑफ लक' मधला 'बेस्ट' बघता बघता जांभळ्या ढगासारखा पसरला. पत्नीनं माझ्या हातून बाटली काढून घेतली.

ओतायचं नाही, हा पहिला धडा. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला, कुणाला न दिसेल अशा जागी थेंबभर लावून बघायचं. कापडाचाच रंग कापसाला लागला तर तिथेच थांबायचं. पांढऱ्या शर्टाला ती भीती नव्हती. मग डागाखाली जुन्या, पांढऱ्या सुती कापडाची तीन-चार पदरी घडी ठेवायची. शर्ट उलटा करायचा, म्हणजे लिहिलेली बाजू खाली घडीवर आणि आपण पाठीमागून काम करायचं. यामागचं कारण साधं आहे. डाग ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं त्याला परत पाठवायचं. वरून दाबत राहिलात तर तो आणखी खोल जातो. स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या बोळ्यानं डागाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे टिपत जायचं. टिपायचं, घासायचं नाही. माझी आई कपडे धुताना आम्हाला ओरडायची, "रगड नको रे, दाब!" ते इथे शब्दशः लागू आहे.

अर्ध्या मिनिटात खालच्या घडीवर रंग उतरलेला दिसतो. लगेच घडी सरकवून कोरी जागा डागाखाली आणायची. बहुतेक जण इथेच आळस करतात. मळलेल्या घडीवरच टिपत राहिलं की तो रंग पुन्हा शर्टात येतो. बोळाही बदलत राहायचा. एका नावाला मला साधारण दहा मिनिटं लागली, आणि पाठीवर तेवीस नावं होती.

त्या वेळी एक गंमत दिसली. काळ्या मार्करचं अक्षर टिपलं की घडीवर काळा डाग उमटत नाही. मधोमध जांभळट, भोवती निळं, कडेला कुठे पिवळसर-तांबूस असं वलय उमटतं. काळा म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा चार-पाच रंगांचं मिश्रण असतो आणि प्रत्येक रंग स्पिरिटबरोबर वेगवेगळ्या वेगानं धावतो. शाळेत टिपकागदावर शाईचा ठिपका देऊन रंग वेगळे करण्याचा प्रयोग दाखवतात, तोच हा. शेवटी मागे राहतो तो एक हट्टी रंग. आमच्या शर्टावर तो फिका जांभळा होता.

तेवढं झालं की स्पिरिट पूर्ण उडू द्यायचं, मग कोमट पाण्यात साबणानं धुवायचं आणि डाग पाहायचा. थोडा उरला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री अजिबात फिरवायची नाही. शाळेचे शर्ट टेरिकॉटचे, म्हणजे त्यात पॉलिस्टर असतं. पॉलिस्टर कारखान्यात रंगवतात ते कडक उष्णता देऊनच, कारण तापल्यावर त्याचा धागा सैल होतो आणि रंगाला आत घेतो. डागावर गरम इस्त्री फिरवणं म्हणजे कच्च्या रंगाला आपल्या हातानं पक्का करणं. अक्कांच्या घरी इस्त्री नव्हती, हे त्या शर्टाचं नशीब.

उरलेल्या फिक्या जांभळ्याला शेवटी उन्हानं नेलं. मार्करचे बरेच रंग उन्हाला टिकत नाहीत. दुकानाबाहेर मार्करनं लिहिलेली पाटी वर्षभरात कशी पुसट होते ते तुम्ही पाहिलं असेल. सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. ओला शर्ट दोन दिवस गच्चीवर होता. मग शेवटच्या पाण्यात दोन थेंब नीळ. नीळ डाग काढत नाही, उरलेला पिवळेपणा फक्त डोळ्याला दिसू देत नाही. तेवढं पुरतं.

सावधगिरीचं बोलणं कंटाळवाणं असतं, तरी ऐका. स्पिरिट पेट्रोलसारखंच पेट घेतं. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, उदबत्ती जळत असताना हे काम करायचं नाही. खिडकी उघडी ठेवायची. स्पिरिटनं ओला कपडा वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवात ॲसिटोन असतं, ते राळ आणखी झपाट्यानं विरघळवतं, पण काही कृत्रिम रेशमी कापडं आणि प्लॅस्टिकची बटणंही विरघळवतं. साध्या सुती कापडावर, अगदीच नाइलाज झाला तर वापरा. आणि स्पिरिट किंवा ॲसिटोन लावलेल्या कपड्यावर लगोलग ब्लीच कधीही ओतू नका. त्यातून विषारी वाफा निघतात. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळणं तर त्याहून घातक. अब्बांच्या कारखान्यात 'हायड्रो' नावाची पावडर असायची, भल्याभल्या रंगांना उतरवणारी. कुणी ती घरी आणायची गोष्ट काढली की ते म्हणत, "ती कारखान्यातच बरी." ओल लागली की ती तापते, पेटते आणि तिचा वास छातीत बसतो. त्यांचा खोकला आम्ही बरीच वर्षं ऐकला आहे.

रेशीम, लोकर, जुनी जरीची साडी यांवर घरी प्रयोग करू नका, ड्रायक्लीनिंगवाल्याकडे न्या, आणि डाग कशाचा आहे हे त्याला आवर्जून सांगा.

सगळे मार्कर सारखे नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. लहान मुलांचे स्केचपेन आणि पुस्तकात ओळी रंगवायचे ते झगझगीत हायलायटर पाण्यातले असतात. त्यांना गार पाणी आणि साबण पुरतो, फक्त उशीर करू नये. फळ्यावर लिहायचा मार्कर गुळगुळीत फळ्यावरून कोरड्या फडक्यानं पुसला जातो, म्हणून लोक त्याला साधा समजतात. पण कापडात त्याची पूड धाग्यांच्या मध्ये जाऊन बसते. आधी स्पिरिट, मग साबण असं दोन-तीनदा करावं लागतं. बॉलपेनची शाई स्पिरिटनं सहसा निघते. जेल पेन मात्र कठीण. त्याच्या शाईत रंग विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण तरंगत असतात, आणि कण स्पिरिटला दाद देत नाहीत. मी स्वतः तीस वर्षं खिशाला जेल पेन आणि शाईपेन लावून फिरलो आहे. माझ्या कुर्त्यांची स्थिती काय आहे, ते पत्नीला विचारा.

आणि ज्याच्यावर घरचा काहीच इलाज नाही असा मार्कर आपल्याकडे फार पूर्वीपासून होता. बिब्बा. परीट मंडळी बिब्ब्याच्या रसानं कपड्याच्या कोपऱ्यावर किंवा कॉलरच्या आत खूण करायची. त्यात चुना मिसळला की ती काळीकुट्ट व्हायची आणि भट्टीतूनही जायची नाही. म्हणूनच इंग्रजांनी बिब्ब्याला मार्किंग नट हे नाव दिलं आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा, सेमेकार्पसचा, अर्थही 'खुणेचं फळ' असाच आहे. पण हा रस कातडीला भाजतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर पुरळ उठू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी शोधलं की ते धोब्याच्या खुणेमुळे आहे. आपल्या बोलण्यात एखाद्याच्या कामात 'बिब्बा घालतात', तो किती जळजळीत असतो ते यावरून समजावं.

दुसरी अशीच शाई म्हणजे मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात ती बनते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. म्हणजे तो रंग नसतोच. उजेड लागला की त्यातली चांदी मोकळी होऊन काळी पडते आणि कातडीत बसते. ती शाई बाहीला लागली तर स्पिरिट लावत बसू नका, काही होणार नाही. आमच्यासारख्या निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्यांनी त्या दिवशी जुना शर्ट घालावा.

आता त्या शर्टाकडे परत येतो. दुसऱ्या संध्याकाळी तो मुलगा स्वतःच घरी आला. आईनं पाठवलं होतं. माझ्यासमोर चटईवर बसला आणि मी नावं टिपत असताना बघत राहिला. उलट्या बाजूनं काम चाललेलं असल्यामुळे अक्षरंही उलटी दिसत होती, तरी तो प्रत्येक नाव ओळखत होता. हा पुण्याला जाणार. ही डिप्लोमाला. याचे वडील याला परीक्षेनंतर टॉवेलच्या कारखान्यात लावणार. लाल मार्करचं एक नाव आलं तेव्हा मात्र तो काही बोलला नाही. ते मी भराभर टिपलं. लाल रंग तसाही लवकर निघतो.

पाठ संपून मी खालच्या घेराकडे वळलो. तिथे, अगदी शिवणीलगत, जागा उरली नाही म्हणून चौघांनी दाटीवाटीनं लिहिलं होतं. मी कापूस ओला केला, तेव्हा तो म्हणाला, "सर, एवढं राहू दे की."

"तुझी आई मला काय म्हणेल?"

"शर्ट खोचतो मी. दिसत नाही तिथलं."

पत्नीनं शर्ट उचलून त्याच्या कमरेला लावून बघितला. खरंच, पट्ट्याच्या चार बोटं खाली. मग मी बाटलीचं झाकण लावलं आणि मार्कर कुठून आले होते तेही त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "माहीत आहे. मीच न्यायला आलो होतो."

परीक्षेला तो तोच शर्ट घालून गेला. अक्का पुन्हा कार्यालयात आल्या त्या निकालानंतर, दाखला न्यायला. शर्टाबद्दल काही बोलल्या नाहीत, टेबलावर चिवड्याची पुडी ठेवून गेल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा बोनाफाईड मागायला खिडकीशी आला. खेळून आलेला, घामाघूम, शर्ट अर्धा बाहेर. घेरावर चार नावं, अजून ठळक. मी त्याला शर्ट खोचायची खूण केली आणि अर्ज आत घेतला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)